प्रेसच्या ब्लॉकमधला अर्धा इंची प्लग: वॉशर न लावता लोखंडावर लोखंड बसवून सील होईल का?

लेथ_मारेगाव

नमस्कार मंडळी. मारेगाव-वणी रस्त्यावर माझे लहान वर्कशॉप आहे. एक जुना लेथ, एक पिलर ड्रिल, वेल्डिंग. वर्षभर ट्रॅक्टर-थ्रेशरचे काम अन् दिवाळी झाली की जिनिंगवाल्यांचे. आता सीझन जोरात आहे, म्हणून घाईत विचारून राहिलो.

इथल्या एका जिनिंगमध्ये रुईच्या गाठी दाबायचा हायड्रॉलिक प्रेस आहे. त्याच्या व्हॉल्व्ह ब्लॉकला एक जास्तीचे पोर्ट आहे, जी १/२, म्हणजे सरळ आट्याचे. त्यात प्लग लावून ठेवतात. टेस्ट गेज जोडायला, हवा काढायला तोच प्लग सारखा उघडावा लागते. प्लगच्या टोपीखाली डाऊटी वॉशर (लोखंडी कडी, आतून रबराचा ओठ चिकटवलेला) असते अन् ते काही टिकत नाही. काढून पाहिले की आतले रबर एका बाजूने कापल्यासारखे दिसते. गाठ दाबतानी गेजचा काटा २१० बारवर उभा राहते, व्हॉल्व्ह पलटला की झटक्यात त्याच्याही वर उडी मारते. तेल ६८ नंबरचे.

गळती तशी थेंबाथेंबाची, पण खाली रुई. डाग पडलेली रुई वेगळी काढावी लागते, अन् तेलाने भिजलेली रुई जिनमध्ये पडून राहणे किती धोक्याचे हे सांगायची गरज नाही. शेटजी म्हणतात, "असा प्लग बनव की वॉशरच नको."

माझ्या डोक्यात डिझेल पंपाच्या हायप्रेशर पाइपचे उदाहरण आहे. तिथे रबर नाही, वॉशर नाही, पाइपचे निमुळते टोक होल्डरच्या खड्ड्यात बसते अन् नट कसला की काम झाले. तसेच प्लगला करता येईल का? पोर्टच्या तळाशी १३ मिमीची गॅलरी, म्हणजे तेलाची वाट आहे, म्हणून प्लगचे निमुळते नाक टेकवायला कड आहे. कोन किती अंशाचा ठेवू? दोन्हीकडे एकच कोन ना? प्लग कशाचा बनवू, किती कसू, अन् सोबत आट्यांवर टेफ्लॉनही गुंडाळू का?

वऱ्हाडी_मिस्त्री

भाऊ, एवढा कायले इचार करून राह्यला? टेपर आट्याचा प्लग घे, टेफ्लॉन गुंडाय अन् दे कसून. आमच्या इकडं बोअरच्या गाडीवर असंच चालते. ते मेटल सील-बील कंपनीवाल्याचं काम हाय, गावच्या लेथवर जमत नाही.

जुना_फिटर_घुग्घुस

मिस्त्री भाऊ, रागावू नका, पण हा सल्ला पोराने ऐकू नये. सरळ आट्याच्या पोर्टात टेपर प्लग गेला तर वरचे दोन-तीन आटेच धरतात, अन् जितका कसाल तितकी ती पाचर ब्लॉकला फाकवते. ब्लॉक बिडाचा असला तर एक दिवस तडा जाते. टेफ्लॉनच्या चिंध्या आत गेल्या की स्पूल, म्हणजे व्हॉल्व्हमधली सरकती दांडी अडकते, ते वेगळे. पाण्याच्या नळाला टेफ्लॉन ठीक आहे, व्हॉल्व्ह ब्लॉकला नाही. गावच्या लेथवर जमत नाही, हे तर बिलकुल मान्य नाही. माझी नोकरी कोळसा खाणीच्या वर्कशॉपमध्ये डंपर अन् शॉवेलच्या हायड्रॉलिकवर गेली. यापेक्षा नाजूक कामे आम्ही यापेक्षा थकलेल्या लेथवर केली आहेत.

आता मारेगाववाल्या भाऊ, तुझ्याकडे येतो. कोन-बिन नंतर. डाऊटी वॉशर २१० बारला हसत टिकते, तो त्याच्यासाठी काही मोठा आकडा नाही. तेल गरम होऊन रबर गेले म्हणावे, तर साधे नायट्राइल रबर शंभर अंशांपर्यंत चालते अन् प्रेसचे तेल तेवढे तापले तर पंपच ओरडेल. तू स्वतःच लिहिले आहेस की रबर एका बाजूने कापते. म्हणजे टोपी ज्या तोंडावर बसते ते तोंड आट्याला काटकोनात नाही. एका बाजूला वॉशर चेपते, दुसऱ्या बाजूला फट राहते, अन् प्रत्येक झटक्याला रबर त्या फटीत ढकलले जाते. प्लगच्या टोपीला मार्किंग ब्लू लाव, वॉशर न घालता हाताने टेकव अन् काढून पाहा. निळा डाग पूर्ण गोल आला तर माझे खोटे. अर्धचंद्र आला तर रोग सापडला.

हे आधी पाहायचे कारण असे की वाकडेपणा रबर थोडाफार तरी सोसते. लोखंड काहीच सोसत नाही. वॉशर फेकून तू त्याच वाकड्या तोंडावर प्लगची टोपी आवळलीस तर गळती कमी नाही, जास्त होईल.

म्हणून टोपीखाली सील करायचेच नाही. तुझ्या मनात आहे तसे आट्यांच्या पुढे, गॅलरीच्या कडेवर करायचे. त्याचा दुसरा फायदा हिशोबात दिसते. झटके धरून ३०० बार मानून चाल. वॉशरचा ओठ साधारण साडेएकवीस मिमीवर सील करते, तेवढ्या वर्तुळावर तेल प्लगला सुमारे अकराशे किलोने बाहेर ढकलते. सील तेरा मिमीवर आणले की क्षेत्रफळ १.३३ चौरस सेंटिमीटर, अन् ढकल चारशे किलोवर येते. शिवाय आट्यांपर्यंत दाब पोचतच नाही.

सील होण्यासाठी धातू धातूला नुसता टेकून भागत नाही. कितीही गुळगुळीत केले तरी दोन्हीकडे टूलच्या रेघा राहतात, अन् त्या रेघांत तेलाला वाट मिळते. मऊ बाजूचा धातू थोडा वाहून त्या रेघा बुजल्या पाहिजेत. एवढा ताण रुंद पट्ट्यावर आणायला राक्षसासारखे कसावे लागेल. बारीक रेघेवर तो सहज येतो. म्हणून तुझ्या प्रश्नाचे उत्तर: दोन्हीकडे एकच कोन ठेवू नको. खड्डा ६० अंशांचा कर अन् प्लगचे नाक ५८ चे. नाक जास्त टोकदार असले की ते खड्ड्याच्या आतल्या कडेला, म्हणजे गॅलरीच्या तोंडाशी आधी टेकते, अन् पाहिजे तिथेच रेघ मिळते. उलटे केलेस तर नाक बाहेरच्या मोठ्या कडेवर टेकेल, तेल खड्ड्यात शिरेल अन् कमावलेले क्षेत्रफळ परत जाईल. इंजिनच्या व्हॉल्व्हला ४५ ची सीट अन् व्हॉल्व्ह ४४ चा घासतात, तो याच जातीचा प्रकार.

अन् म्हणूनच नाक अन् खड्डा एकमेकांवर व्हॉल्व्ह पेस्टने घासू नको. इंजिनवाल्यांना तो मोह फार. घासले की दोन अंशांचा फरक मिटतो, रुंद पट्टा तयार होते अन् पेस्टची वाळू मऊ धातूत रुतून बसते.

किती कसायचे? प्रेशर व्हेसलच्या एएसएमई कोडमध्ये गॅस्केटचा तक्ता आहे. त्यात मऊ लोखंडाच्या सपाट गॅस्केटला ५.५ चा गुणक दिला आहे, मऊ तांब्याला ४.७५. म्हणजे तेलाच्या दाबाच्या साडेपाच पट दाब सीलच्या पट्ट्यावर टिकला पाहिजे. तो तक्ता फ्लॅंजसाठी आहे, पण अंदाजाला चालते. तुझी रेघ चेपून अर्धा मिमी रुंद झाली असे धर, घेर ४१ मिमी. ३०० बारच्या साडेपाच पटीने त्यावर साधारण साडेतीनशे किलो लागतात. त्यात तेलाची ढकल चारशे. झाले साडेसातशे. आट्यांचे घर्षण धरायचा वर्कशॉपचा ठोकताळा म्हणजे जोराचा पाचवा हिस्सा गुणिले आट्याचा व्यास. ०.२ × ७५० × ०.०२१, म्हणजे सव्वातीन किलो-मीटरच्या आत, ३१ न्यूटन-मीटर. नाक फिरताना खड्ड्यात घासते त्यातही जोर खर्च होते, म्हणून दुप्पट धर. फूटभर लांबीच्या पान्याला वीस किलोचा ओढा. पान्यात पाइप घालून लोंबकळायचे कारण नाही. आहे तेवढ्यात बंद झाले नाही तर बनावटीत खोट आहे, जोरात नाही.

बुटीबोरी_मेंटेनन्स

काका, हिशोब वाचून मजा आली. मी एमआयडीसीत मेंटेनन्सला आहे, माहेर आर्णीकडचे, म्हणून जिनिंगची रुई नाकात जाऊनच मोठी झाले आहे.

दोन गोष्टी जोडते. जी आट्याच्या पोर्टासाठी आयएसओ ११७९ आहे. त्यात टाइप ई म्हणजे टोपीखाली रबराची कडी, अन् टाइप बी म्हणजे धातूवर धातू. टाइप बी मध्ये टोपीच्या खालच्या बाजूला गोल धारदार कड असते, ती पोर्टाच्या तोंडात रुतते. म्हणजे टोपीवरही धातूचे सील होते. पण नवीन डिझाइनला आमच्याकडे कोणी टाइप बी घेत नाही, ई घेतात. आधी तोंड सरळ करून टाइप ई प्लग लावला तर खड्डा कापायची गरजच पडणार नाही, नाही का?

दुसरे म्हणजे मटेरियल. प्लग स्टेनलेसचा करण्याचा मोह होईल, चमकतो म्हणून. ब्लॉकही स्टेनलेस असेल तर बिलकुल करू नका. ३०४ वर ३०४ कसले की आटे एकमेकांना चिकटतात, मग प्लग कापूनच काढावा लागतो.

जुना_फिटर_घुग्घुस

ताई, बरोबर आहे तुमचे. पोर्ट वर्षातून एकदा उघडायचे असते तर मीही तेच सांगितले असते: तोंड सरळ कर, रबरवाला प्लग लाव अन् घरी जा. कधीच उघडायचे नसते तर त्याहून सोपे, आत बॉल ठोकायचा एक्सपांडर प्लग. पण हे लोक सीझनभर उघडतात, रात्री उघडतात, अन् वॉशर सापडले नाही की जुनेच उलटे करून घालतात. तिथे धातूच्या नाकाला अर्थ आहे. टाइप बी ची कड मात्र इथे नको. ती प्रत्येक वेळी ब्लॉकच्या तोंडात नवीन घर करते. दहा वेळा उघडल्यावर तोंडावर एकात एक अडकलेल्या गोल खुणा होतात अन् त्यातूनच गळते. झीज प्लगला झाली पाहिजे. प्लग शंभर-दोनशे रुपयाचा, ब्लॉकची किंमत शेटजीला विचारा.

म्हणून मटेरियल: प्लग ब्लॉकपेक्षा मऊ. ब्लॉक ईएन ८ सारख्या स्टीलचा असला तर प्लग साध्या एमएसचा (माइल्ड स्टील) किंवा ईएन १ए चा. ईएन १ए लेथवर लोण्यासारखे कापते, फिनिशही चांगले येते. ब्लॉक बिडाचा निघाला तर मला आधी विचार, कारण निमुळते नाक ही पाचरच असते. ब्लॉकवर आडबाजूला ड्रिलचे टोक टेकवून पाहा: स्टीलचा बुरादा कुरळा लांब निघते, बिडाचा चुरा पडते.

लेथ_मारेगाव

काका, ताई, मिस्त्री भाऊ, सगळ्यांचे आभार. काल रात्री प्रेस बंद झाल्यावर ब्लू लावून पाहिले. अर्धचंद्रच आला, तोही बारीक. पोर्टाच्या तोंडावर छन्नीची एक जुनी खूणही आहे, मधून बाहेर जाणारी. कोणीतरी अडकलेले वॉशर ठोकून काढले असावे. ड्रिलचा बुरादा कुरळा आला, म्हणजे ब्लॉक स्टीलचा.

शेटजी धातूचे नाकच करा म्हणतात. रविवारी प्रेस बंद असते, ब्लॉक काढून माझ्याकडे आणता येईल. पण माझ्याकडे मिलिंग नाही. खड्डा आट्यांच्या बरोबर मध्ये कसा कापू? ड्रिलला काउंटरसिंक (खड्डा कापायचा निमुळता कटर) लावून हाताने ढकलले तर तो वाकडाच जाईल.

जुना_फिटर_घुग्घुस

हाताने ढकलायचे नाहीच. खरे काम इथेच आहे, बाकी प्लग कोणीही बनवेल.

एक बुश बनव. बाहेरून जी १/२ चे आटे, पोर्टात घट्टसर बसतील असे, अन् त्याच चकिंगमध्ये आतले भोक रीमरने १२ मिमी. एकाच पकडीत केले की भोक अन् आटे एका अक्षावर येतात. ६० अंशांच्या कटरची दांडी १२ ची घे, डोके १८ च्या आत ठेव, कारण या आट्याचा आतला व्यास १८.६ आहे. आधी कटर बुशमध्ये खालून घाल, मग दोन्ही मिळून आट्यात फिरव. उलट क्रमाने जमत नाही, हे बुश ब्लॉकमध्ये बसवल्यावर लक्षात येते अन् मग माणूस स्वतःवरच चिडते. आता वरून दांडी हळूहळू फिरव, टॅपच्या हँडलनेही चालते. आट्यांनीच कटरला धरलेले असल्यामुळे तो दुसरीकडे जाऊ शकत नाही.

गॅलरीच्या १३ मिमीच्या कडेपासून १५ पर्यंत खड्डा उघडला की बस. कटर थरथरला तर खड्ड्यात पाकळ्या पडतात अन् पाकळ्यांचा खड्डा कधीच सील होत नाही. थरथर आली तर शेवटच्या फेऱ्यांना कटरखाली पातळ सुती कापडाचा तुकडा ठेवून फिरव, पाकळ्या जातात. कापायच्या आधी गॅलरीत ग्रीस लावलेला बोळा कोंब. नंतर बोळा ओढून काढ, ब्लॉक डिझेलने धू, हवा मार, परत धू. यात कंटाळा करू नको. एक कीस स्पूलमध्ये गेला तर शेटजी प्लग विसरेल अन् तुझे नाव लक्षात ठेवेल.

प्लगसाठी लेथची कंपाउंड स्लाइड (टूल तिरके चालवणारी) २९ वर लाव, ५८ वर नाही. स्लाइडवर अर्धा कोन येते. नाक १६ मिमीचे, टोकाला निमुळते होत ११ पर्यंत. आटे अन् नाक एकाच चकिंगमध्ये. टर्निंगची रेघ दिसायला गोल असली तरी असते मळसूत्री, म्हणून शेवटचा कट एकदम बारीक हाताने घे अन् मग फिरत्या नाकावर तेल लावलेला ६०० नंबरचा पेपर क्षणभर धर. आडवी कानस लावलीस तर नवीन बार कापायला घे. आटे थोडे सैल ठेव, म्हणजे नाक आपली जागा आपण शोधते. नाक टेकल्यावर टोपी अन् ब्लॉक यांत एक मिमी फट दिसली पाहिजे. दोन्ही जागी टेकवायचा हट्ट केला तर एकाही जागी नीट बसत नाही.

आट्यांवर टोपीपर्यंत उभा एक खाचा पाड, दीड-दोन मिमीचा. नाकाने कधी गळ काढली तर तेल त्या वाटेने बाहेर येईल, आट्यांच्या मागे कोंडणार नाही. हायप्रेशरच्या निमुळत्या नाकाच्या फिटिंगला याच कामासाठी बारीक भोक असते. आता कळले असेल टेफ्लॉन काहून नको: ते ही वाट बुजवते अन् नाक गळते की नाही हेच लपवते. आट्यांना अन् नाकाला तेलाचा थेंब लाव, दुसरे काही नाही.

चाचणी करताना आधी प्रेस रिकामा चालव, मग अर्ध्या दाबावर, मग पूर्ण. गळ आहे का हे बोट फिरवून पाहू नको. एवढ्या दाबाची केसाएवढी धार कातडीतून आत शिरते, जखम टाचणी टोचल्याएवढी दिसते अन् आत तेल सडवत राहते. असे झाले तर घरी न थांबता दवाखाना. लांब काठीला पुठ्ठा बांधून फिरव, डाग पडला तर धार आहे. प्लगला पाना लावायच्या आधी पंप बंद, दाब शून्य, मग एक फेरा सैल करून थांब.

वऱ्हाडी_मिस्त्री

काका, मानलं तुमाले. ते बुशवालं आपल्याले म्हाईत नव्हतं. बोअरच्या गाडीवर एक पोर्ट हाय असंच, पाहतो आता.

लेथ_मारेगाव

काका, रविवारी बसवला. खड्ड्याला थोडी थरथर आली होती, कापडाने गेली. पूर्ण दाबावर पुठ्ठा कोरडा, टोपीखालची फट कोरडी. प्लग काढून पाहिला तर नाकावर एक चमकदार गोल रेघ, सगळीकडे सारखी. शेटजी म्हणतात अजून चार बनवून ठेव. एक प्लग किती वेळा उघडला की बदलायचा?

जुना_फिटर_घुग्घुस

मस्त. आकडा मी देणार नाही, रेघ पाहून ठरव. प्रत्येक कसण्याला ती रुंद होत जाते. अर्ध्या मिमीची होती ती एक मिमी दिसायला लागली की तेवढ्याच ओढ्यात दाब निम्मा झाला समज. मग प्लग लेथवर लावून नाकावर हलका कट मार, परत नवा. कट मारला की नाक खोल जाते, तेव्हा टोपीखालची फट तपासून घे. संपत आली असली तर टोपीचीही खालची बाजू तेवढी उतरव. चार कशाला, दोन बनव, एक पोर्टात अन् एक फोरमनच्या टेबलात.

अन् ब्लॉकवर पिवळ्या पेंटने मोठ्या अक्षरात लिही: "इथे वॉशर लावू नये". रात्रपाळीच्या माणसाला टोपीखाली फट दिसली की तो इमानदारीने डाऊटी आणून घालते. वॉशर टोपीला वर धरते, नाक खड्ड्यापर्यंत पोचत नाही, अन् आट्यांवर तू पाडलेल्या खाच्यातून तेल सरळ त्या वाकड्या तोंडावर येते.